ठोकळा वाकडा येतो तेव्हा नेमके काय चुकते?

पत्रातला प्रश्न: २७ वर्षांच्या एक वाचक इंटिरिअर डिझाइनची पदविका घेऊन लोअर परळमधल्या एका छोट्या ऑफिसात नोकरी करतात. संगणकावरचे त्यांचे काम चोख आहे. परंतु क्लायंटसमोर कागदावर हाताने चटकन काही काढून दाखवायची वेळ आली की हात थरथरतो, कपाटाचा साधा ठोकळा मागे जाताना फुगतो आणि शेवटचा कोपरा कधीच जुळत नाही. मध्यंतरी सरांनी सर्वांदेखत त्यांच्या हातून पेन घेऊन चित्र स्वतःच पुरे केले. शाळेत इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत त्यांना ‘अ’ श्रेणी होती. गेले तीन महिने त्या रोज रात्री वहीचे एक पान भरून ठोकळे काढतात, तरी फरक जाणवत नाही. “हात मुळातच असावा लागतो,” असे त्यांचे एक सहकारी म्हणतात. तेव्हा मुक्तहस्त रेखाटनाचा नाद सोडून संगणकावरच विसंबावे, की रविवारचा एखादा क्लास लावावा, आणि आत्मविश्वास येईपर्यंत क्लायंटसमोर पेन हाती धरूच नये का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर:

तुमच्या पत्रात दोन निरनिराळी दुखणी एकाच नावाखाली आली आहेत, आणि इलाज लागू पडत नाही तो बहुधा त्यामुळेच. रेघ थरथरणे हे एक दुखणे. ठोकळ्याच्या कडा चुकीच्या दिशेने जाणे हे दुसरे. पहिले हाताचे आहे, दुसऱ्याचा हाताशी संबंध फार थोडा. पट्टी लावून काढलेला ठोकळाही साफ चुकू शकतो, आणि एखाद्याचा वेड्यावाकड्या रेघांचा ठोकळा पाहताक्षणी जमिनीवर नीट बसलेला वाटतो. दोन्हींचा सराव एकत्र केला की रेघ सावरताना दिशा सुटते, दिशा सांभाळताना रेघ अडखळते, आणि पान भरून झाल्यावर नेमके काय सुधारले ते कळत नाही.

आधी थरथरीचे पाहू, कारण ते त्यातल्या त्यात सोपे आहे. अगदी निरोगी माणसाचा हातसुद्धा सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा अतिसूक्ष्म कंप पावत असतो; भीती वाटली किंवा चहा-कॉफी जास्त झाली की तो कंप वाढतो. आता हिशेब करा. १० सेंटिमीटरची रेघ जपून जपून ५ सेकंदांत ओढलीत, तर तिच्यात असे पन्नासेक हेलकावे मावतात. तीच रेघ अर्ध्या सेकंदात ओढलीत तर पाचच, आणि तेही लांबवर पसरल्यामुळे डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणजे जितके जपावे तितकी रेघ बिघडते. त्यात सावकाश रेघ ओढताना नजर पेनाच्या टोकावर खिळलेली असते आणि क्षणाक्षणाला हाताला ‘जरा वर घे, जरा खाली घे’ असे सांगत राहते, त्या प्रत्येक दुरुस्तीची गाठ रेघेत उमटते. (चहाचा कप धरतानाही हात लक्षात येण्याइतका कापत असेल, तर गोष्ट वेगळी, मग ड्रॉइंगचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.)

यावर उपाय असा, की सगळा विचार रेघेच्या आधी करायचा आणि रेघ ओढताना तो करायचा नाही. कागदावर दोन टिंबे द्या. तुमच्या हाताला सोयीची दिशा येईल असा कागद फिरवून घ्या; कागद फिरवण्यात काहीही कमीपणा नाही. पेन कागदापासून किंचित वर धरून त्या दोन टिंबांमधून दोन-तीनदा हात फिरवा, हालचाल मनगटातून न होता खांद्यातून होऊ द्या, मग नजर दुसऱ्या टिंबावर ठेवून एका दमात रेघ ओढा. ती टिंबाच्या पुढे गेली तर जाऊ द्या. बाजूने गेली तरी तिच्यावर दुसरी रेघ मारू नका, कारण एकावर एक चार रेघा मारून केलेली दुरुस्ती समोरच्याला दुरुस्ती म्हणून दिसत नाही, शंका म्हणून दिसते. पेन्सिलऐवजी साधे बॉलपेन किंवा जेल पेन घ्या, म्हणजे खोडरबराकडे हात जाणार नाही. रोज १० मिनिटे एवढेच करा, ठोकळे न काढता. फरक सर्वांत आधी इथेच दिसू लागतो.

आता ‘हात मुळातच असावा लागतो’ याविषयी. मुघल आणि पहाडी लघुचित्रे काढणाऱ्यांच्या हाताबद्दल कोणीच शंका घेणार नाही. पापणीचा एकेक केस त्यांनी कुंचल्याने रंगवला आहे. तरी त्यांचे चौरंग, गालिचे आणि गच्च्या बहुतेक वेळा यथार्थदर्शनाच्या (पर्स्पेक्टिव्हच्या, म्हणजे दूर जाणाऱ्या समांतर कडा जवळ येताना दाखवण्याच्या) नियमाने मागे निमुळत्या होत नाहीत, कारण अवकाश मांडण्याची त्यांची रीतच निराळी होती. युरोपातही हा नियम कोणाच्या हातातून आपोआप उतरला नाही. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लॉरेन्समध्ये वास्तुकार ब्रुनेलेस्कीने तो प्रयोग करून दाखवला, १४३५ मध्ये वास्तुकार आणि लेखक अल्बर्टीने तो ग्रंथात मांडला. जी गोष्ट इतके कसबी हात असताना मोजून-आखून शोधावी लागली, ती कोणाच्या हातात मुळातच असते असे म्हणणे मला पटत नाही. काहींना ती लवकर येते, काहींना उशिरा, इतकाच त्या सहकाऱ्यांच्या बोलण्याचा मथितार्थ घ्यावा. तुमची ‘अ’ श्रेणीही खोटी नाही. पण इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रात वस्तू समोर मांडलेल्या असतात आणि त्या पाहून काढायच्या असतात. क्लायंटसमोर तुम्ही काढता ते कपाट अजून सुताराच्या मनातही नसते. ते पाहून काढता येत नाही, रचावे लागते, आणि हे रचणे तुम्हाला कोणी वेगळे असे शिकवलेले दिसत नाही.

तुमचा ठोकळा मागे जाताना फुगतो, याचा एक संशयित मला पत्रातच सापडला. पदविकेला तुम्ही आयसोमेट्रिक काढले असणार: गुण्या लावून ३० अंशांच्या रेघा, आणि समांतर कडा कागदावरही समांतर. मापे घेण्यासाठी ती पद्धत उत्तम आहे. पण आपल्या डोळ्यांना दूर जाणाऱ्या कडा जवळ येताना पाहण्याची इतकी सवय असते की कागदावर त्या तंतोतंत समांतर राहिल्या तर मागच्या बाजूला पसरल्यासारख्या वाटतात. हाताला आयसोमेट्रिकचे वळण, मनात यथार्थदर्शनाची अपेक्षा. मग तुम्ही रेघा बरोबर समांतर काढता आणि ठोकळा मात्र फुगलेला दिसतो. यावर मनाची आणखी एक खोड भर घालते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट थाउलेस यांनी १९३१ मध्ये तिरप्या ठेवलेल्या गोल चकत्या लोकांना दाखवून पाहिल्या, तेव्हा डोळ्यावर पडणाऱ्या चपट्या आकारापेक्षा अधिक गोल आकार लोकांनी सांगितला. आपल्याला चकती गोल आहे हे ठाऊक असते, आणि ते ठाऊक असणे पाहण्यात मिसळते. ठोकळ्याचा वरचा भाग तुम्ही गरजेपेक्षा जास्त उघडा काढता आहात का, हे या दृष्टीने जुनी पाने काढून तपासा. बहुतेकांचा तो तसाच येतो.

तीन महिन्यांच्या सरावाचे काय झाले, हा तुमच्या पत्रातला सर्वांत कळकळीचा भाग आहे. तुम्ही पान भरता आणि वही मिटता, असे पत्रावरून दिसते. ठोकळा कुठे चुकला हे न पाहता पुढचा काढला, तर पुढच्यात तीच चूक अधिक सफाईने होते. तेव्हा पानावर पाच-सहाच ठोकळे काढा आणि पान पुरे झाल्यावर लाल पेन आणि पट्टी घेऊन बसा. इथे पट्टी वापरायचीच आहे. मुक्तहस्त म्हणजे तपासणीतून मुक्त असा अर्थ कोणी लावू नये. ठोकळ्याला १२ कडा असतात आणि त्या चार-चारांच्या तीन गटांत पडतात. एका गटातल्या चारही कडा, तुमच्यापासून दूर जाणाऱ्या बाजूला, पट्टीने लाल रेघेने वाढवत न्या. त्या जवळ येत एकाच लोपबिंदूकडे, म्हणजे दूर जाणाऱ्या समांतर कडा जिथे मिळतात असे वाटते त्या बिंदूकडे, जायला हव्यात. एखादी रेघ घोळक्यातून फुटून भलतीकडे गेलेली दिसेल, एखादी जोडी मधेच एकमेकींना छेदेल, कधी चारही फाकत जातील. समासात एवढेच लिहा: ‘डावा गट, मागची खालची कडा बाहेर.’ आठवडाभराच्या नोंदी एकत्र वाचल्यात तर बहुधा एकच कडा पुन्हा पुन्हा गुन्हेगार निघेल. पुढच्या आठवड्यात तिच्याकडेच पाहायचे.

काढण्याचा क्रमही बदला. तुम्ही पुढचा चौकोन पूर्ण काढून त्याला मागे तीन शेपट्या जोडत असाल, असा माझा अंदाज आहे. त्याऐवजी तुमच्या सर्वांत जवळच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा आणि तिथून तीन कडा काढा. ठोकळ्याच्या तीन बाजू दिसत असतील, तर या तीन रेघांमधले तिन्ही कोन ९० अंशांहून मोठे असायला हवेत. एखादा काटकोनाहून लहान झाला की पुढे कितीही काळजी घ्या, ठोकळा चेपलेलाच दिसणार. ही एक कसोटी पहिल्या तीन रेघांनंतर लगेच लावता येते, आणि ती न लागल्यास ठोकळा तिथेच सोडून देता येतो. नंतरची प्रत्येक कडा काढताना शेजारच्या कडेकडे पाहू नका, तिच्या गटातल्या भावंडांकडे पाहा. पेन वर धरून हात फिरवताना मनातल्या मनात ती रेघ कागदाबाहेरच्या लोपबिंदूपर्यंत नेऊन पाहा आणि मग टिंब द्या. गटातल्या मधल्या दोन कडा अनेकदा एकमेकींच्या फार जवळ असतात, त्या जवळजवळ समांतर राहिल्या तरी चालतात. चूक जास्त करून बाहेरच्या दोघींत असते.

शेवटचा, मागचा कोपरा जुळत नाही म्हणून तुम्ही स्वतःला दोष देता, तो अनाठायी आहे. तिथे तीन गटांतल्या तीन रेघा येऊन भेटतात आणि आधीच्या नऊ रेघांत झालेल्या बारीकसारीक चुका सगळ्या तिथे जमा होतात. शेवटच्या रेघेला ओढूनताणून त्या कोपऱ्यात बसवले, तर नोंद करण्याजोगी चूक झाकली जाते. सरावात तो कोपरा उघडा राहू द्या. क्लायंटला तर तो दिसतही नाही. दिसणाऱ्या कडा नऊच.

लोपबिंदू कागदाबाहेर ठेवण्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण यात पुष्कळ जण फसतात. शिकताना सोयीसाठी दोन्ही लोपबिंदू ए-फोर कागदाच्या दोन टोकांना घेतले जातात आणि ती सवय राहून जाते. दोन लोपबिंदूंमधल्या अंतराचा साधारण मधला निम्मा भागच डोळ्यांना स्वाभाविक वाटतो. म्हणजे आडव्या ए-फोरच्या ३० सेंटिमीटरपैकी जेमतेम १५. कपाट त्याच्या बाहेर सरकले की पुढचा कोपरा जहाजाच्या नाळेसारखा अंगावर येतो. निमुळतेपणाचा संबंध वस्तूच्या आकाराशीही आहे. राजाबाई टॉवरच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिलेत तर ८५ मीटर उंचीच्या त्या मनोऱ्याच्या उभ्या कडाही वर जवळ येताना दिसतात. टेबलावरच्या काडेपेटीच्या तशा दिसत नाहीत. बेडशेजारच्या टेबलाच्या कडा तुम्ही फार झपाट्याने जवळ आणल्यात, तर बघणाऱ्याला ते टेबल इमारतीएवढे वाटते, आणि का खटकते आहे ते त्याला सांगता येत नाही. खोलीतल्या फर्निचरसाठी उभ्या कडा सरळ उभ्याच ठेवा आणि बाकीच्या अगदी हळूहळू जवळ आणा.

हे डोळ्यांत मुरायचे असेल तर खरे पाहणेही हवे. मुंबईत कोणत्याही खिडकीसमोर दुसरी इमारत असतेच, तिचा इथे उपयोग करून घ्या. एक डोळा मिटा, डोके हलू देऊ नका आणि समोरच्या इमारतीच्या कडा मार्करने थेट काचेवर गिरवा. व्हाइटबोर्डचा मार्कर घेतलात तर पुसायला त्रास नाही. चित्राची चौकट म्हणजे उघडी खिडकी, ही कल्पना अल्बर्टीचीच. काचेवरची ती रेघ आणि मनातली रेघ यांच्यात किती अंतर आहे ते पाहून पहिल्यांदा माणूस चक्रावतो. ज्या गॅलऱ्या तुम्ही ठळकपणे उतरत्या काढल्या असत्या, त्या जवळजवळ आडव्या निघतात.

दुसरी जागा मरीन ड्राइव्ह. तिथे क्षितिजरेषा कल्पनेने आखावी लागत नाही, समोर समुद्रावर आखलेलीच असते, आणि ती नेमकी तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. समुद्राकडे तोंड करून उभे राहा आणि तुमच्याच उंचीची, त्याच फुटपाथवर उभी असलेली माणसे पाहा. कोणी हाताच्या अंतरावर असो वा बरेच पुढे, सर्वांचे डोळे त्या एकाच रेषेवर येतात. आता गुडघ्यात वाका. रेषा तुमच्याबरोबर खाली येते आणि सगळ्यांची डोकी तिच्या वर जातात.

तुमच्या ऑफिसच्या कामात याचा थेट उपयोग आहे, आणि खरे सांगायचे तर क्लायंटसमोर निम्मी लाज हा एकच भाग वाचवेल. कागदावर आधी आडवी क्षितिजरेषा घ्या आणि ती जमिनीपासून ५ फुटांवर आहे असे ठरवून टाका. मग खोलीत कुठेही, जवळ किंवा दूर, जमिनीवरच्या बिंदूपासून त्या रेषेपर्यंतची उभी उंची ५ फूटच. ओटा पावणेतीन फुटांचा, तर तो त्या उंचीच्या निम्म्याहून किंचित वर. कपाट ७ फुटांचे, तर रेषेच्या वर आणखी दोन पंचमांश. लॉफ्टची खालची कडाही ७ फुटांवर असेल, तर तीही तिथेच. मापपट्टीशिवाय सर्व उंच्या एकमेकींशी जुळतात, आणि क्लायंटच्या घरातल्या मंडळींना ‘ओटा तुमच्या कंबरेच्या इथे येईल’ हे पेनाने दाखवता येते. रेघा थोड्या तिरक्या गेल्या तरी प्रमाण बरोबर असलेले चित्र विश्वासार्ह वाटते. उलट झाले तर वाटत नाही.

संगणक की हात, या तुमच्या प्रश्नात दोघांना एकमेकांसमोर उभे करण्याची गरज मला दिसत नाही. संगणक तुमचा परीक्षक होऊ शकतो. एखादी खोली आधी हाताने काढा, मग सॉफ्टवेअरमध्ये त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून दृश्य लावून प्रिंट घ्या आणि आपले चित्र बटर पेपरवर उतरवून त्यावर ठेवून पाहा. मीटिंग ठरलेली असेल, तर रिकाम्या खोलीच्या कडांची फिकट प्रिंट खाली घेऊन, वर बटर पेपर लावून क्लायंटसमोर हाताने फर्निचर काढा. याला कोणी फसवणूक म्हणेल, तर म्हणू द्या. अनेक आर्किटेक्ट असेच काम करतात. पक्की मापे तर शेवटी संगणकावरूनच सुताराकडे जाणार आहेत.

आत्मविश्वास येईपर्यंत थांबावे का, याला माझे उत्तर नाही असे आहे. तो एकांतात साठवून ठेवता येत नाही. मात्र थेट क्लायंटसमोर उडी घेण्याआधी पायऱ्या करता येतील: घरी कोणीतरी समोर बसलेले असताना काढा, काढता काढता बोला, उभे राहून काढा. कागद मोठा घ्या, ए-थ्री तरी. प्रिंट केलेल्या प्लॅनच्या कोपऱ्यात उरलेल्या चार बोटांच्या जागेत ठोकळा काढायला गेलात, तर खांद्यातून हात फिरवायला वावच राहत नाही, आणि ऑफिसातली बरीचशी फजिती तिथेच होते. सरांनी पेन काढून घेतले हे तुम्हाला लागले आहे, आणि ते लागणे रास्त आहे. सर्वांदेखत तसे करायला नको होते. पण ते एकटे असताना त्यांना सांगा, की पुढच्या मीटिंगमध्ये एक कोपरा, फक्त ओटा किंवा फक्त कपाट, मी काढणार आहे आणि तो पुरा होईपर्यंत मला काढू द्या. कामाचा इतका नेमका तुकडा मागितला तर नाही म्हणणे त्यांना अवघड जाईल.

क्लासबद्दल घाई करू नका. महिनाभर लाल रेघांची पाने साठवा आणि ती घेऊन क्लासच्या शिक्षकांना भेटायला जा. त्यांनी तुमच्या रेघांवर बोट ठेवून, कोणता गट का फाकतो आहे, असे काही सांगितले किंवा तुमच्या चित्रावर बटर पेपर ठेवून स्वतः काढून दाखवले, तर फी खुशाल भरा. पाने न उलटता ‘येईल हळूहळू’ म्हणाले, तर दुसरा क्लास पाहा.